सर्व्हे झाला, कागद कुठाय?

वस्तीत सर्व्हेवाले येतात. घरात माणसं किती, कमावती किती, संडासला कुठे जाता, गेल्या पावसात पाणी कुठवर चढलं? बाई तव्यावरची भाकरी सांभाळत उत्तरं देते. टॅबवर बोटं फिरतात, फोटो निघतो, की पुढचं घर. अहवाल तिच्या दारात कधीच परत येत नाही. तिने पूर कसा काढला, पाडापाडीनंतर संसार पुन्हा कसा उभा केला, हे ऐकून घ्यायचं आणि तिलाच अंधारात ठेवायचं. ही सरळसरळ लूट आहे.

वेगळी रीत मुंबईनेच दाखवून दिली आहे. साल 1985. फुटपाथवरच्या झोपड्यांचा खटला सुप्रीम कोर्टात होता. जुलैमध्ये निकाल लागला: पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, पण पावसाळा सरल्यावर महापालिका झोपड्या हटवू शकेल. त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेने भायखळा परिसरातल्या फुटपाथवासीयांना सोबत घेऊन त्यांची गणती केली. सुमारे 6,000 कुटुंबं मोजली गेली. गरीब, दुष्काळी जिल्ह्यांतून आलेली, कामाच्या जवळ म्हणून फुटपाथ धरलेली, कित्येक तर दशकांपासून तिथेच असलेली. ‘उपरे’ म्हणून त्यांना हुसकावू पाहणाऱ्यांना हे लेखी उत्तर होतं.

वस्तीतलं माणूस मोजायला असलं की फरक पडतो. एकाच ताडपत्रीखाली दोन चुली आहेत, थोरल्या मुलाचा संसार वेगळा आहे, हे शेजारणीला ठाऊक असतं. बाहेरचा एकच घर लिहितो, आणि उद्या एका कुटुंबाचा हक्क बुडतो.

फुटपाथवरच्या बायका मोजणीवर थांबल्या नाहीत. 1986 मध्ये ‘महिला मिलन’ ही त्यांची संघटना उभी राहिली. घर कसं हवं हे ठरवायला त्यांनी साड्या आणि पुठ्ठे लावून खऱ्या मापाची घरं उभी केली, आत वावरून पाहिली. छत चौदा फूट हवं, म्हणजे पोटमाळा निघेल आणि झोपायला जागा होईल, हा हिशेब त्यांचाच. पुढे मानखुर्दला त्यांचं मिलन नगर वसलं. वस्तीने स्वतःची गणती करण्याची ही पद्धत आफ्रिकेतल्या शहरांपर्यंत पोचली. आपल्या विद्यापीठांत मात्र अजून प्रश्नावली आधी छापतात आणि वस्ती नंतर शोधतात.

2024 पासून धारावीत पुनर्विकासाच्या सर्व्हेसाठी घराघरावर क्रमांक पडू लागले. पोटमाळ्यावरचा भाडेकरू धरायचा की नाही, कोण पात्र, कोण अपात्र, सगळं त्या नोंदींवर ठरणार आहे. म्हणून मागणी एकच: प्रत्येक गल्लीची यादी त्याच गल्लीत, संध्याकाळी लोक घरी असताना, मोठ्याने वाचा. चुका लोकांकडून दुरुस्त करून घ्या आणि एक प्रत तिथेच ठेवा. संशोधकांनो, तुम्हालाही हाच नियम. आणि वाचकहो, तुमच्या दारात सर्व्हेवाला आला, तर उत्तर देण्याआधी विचारा, कागद परत कधी आणणार?