दहा किलोंचा डबा आणि तीन माणसं

ग्लूमहेवन नावाच्या बैठ्या खेळाचा डबा साधारण दहा किलोंचा भरतो आणि तो मी घ्यावा, असं पुण्यातल्या माझ्या भाच्याचं ठाम मत आहे. भाचा संगणकात आहे. त्यामुळे मतं त्याची असतात आणि खर्च दुसऱ्याचा. "मामा, तुम्ही तिकडे मार्कंड्याला संध्याकाळी करता तरी काय?" हा त्याचा मूळ प्रश्न. संध्याकाळी आम्ही वैनगंगेच्या काठावर जाऊन बसतो आणि पाण्याकडे बघतो. हे पुणेकराला सांगण्यात अर्थ नसतो. तो त्याला ध्यानधारणा म्हणतो आणि त्याचंही एखादं ॲप पाठवून देतो.

खेळ असा आहे. आयझॅक चिल्ड्रेस या अमेरिकन माणसाने तो 2017 साली बाजारात आणला. एक ते चार जणांनी खेळायचा. एकमेकांना हरवायचं नाही, सगळ्यांनी मिळून पटावरच्या राक्षसांशी लढायचं. राक्षसांच्या चाली पत्ते ठरवतात, त्यामुळे राक्षस व्हायला कोणी नातेवाईक लागत नाही. आत 1700 च्या वर पत्ते, बंद लिफाफे, सील केलेल्या डब्या आणि 95 प्रसंग. एकेका प्रसंगाला दोन-अडीच तास सहज जातात. आज जिथे थांबलात तिथून पुढच्या बैठकीत सुरू, अशी ही मोहीम महिनोन्‌महिने चालते. बैठ्या खेळांची क्रमवारी लावणाऱ्या बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर हा खेळ पाचेक वर्षं पहिल्या नंबरावर होता. याचा पुढचा भाग, फ्रॉस्टहेवन, 2020 साली नुसता जाहीर झाला, तर लोकांनी तो तयार व्हायच्या आधीच सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर पाठवून दिले. आमच्या भागात वस्तू दाखवायच्या आधी पैसे घेऊन गेलेला माणूस पुन्हा दिसत नाही. अमेरिकेत तो खोका घेऊन परत येतो, हे ऐकून मला त्या देशाबद्दल आदर वाटला.

ग्लूमहेवनची मूळ किंमत 140 डॉलर. आपल्याकडे बारा हजार धरा, वाहतूक आणि जकात वेगळी. साध्या धानाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. म्हणजे पाच क्विंटल धान द्यायचं आणि दहा किलो पुठ्ठा घ्यायचा. हा हिशेब मी घरात मोठ्याने केला नाही. तरी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या पुठ्ठ्याचा भात होतो का, तेवढं विचारून घ्या."

पैशाचा प्रश्न असा चटकन मिटतो, कारण पैसे एक तर असतात किंवा नसतात. खरा प्रश्न पुढे आहे. हा खेळ तुमच्याकडून बारा हजार मागतो असं वाटतं, पण तो मागतो तीन माणसं. तीच तीन माणसं, दर आठवड्याला, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, वर्षभर. मी उमेदवार मोजायला घेतले. पानठेल्यावर रोज भेटणाऱ्यांपैकी दोघे डोळ्यांसमोर आले: निवृत्त गुरुजी आणि सहकारी सोसायटीचे माजी सचिव. तिसरा खुद्द पानठेलेवाला, कारण बाकीचे दोघे जिथे असतील तिथे त्याची उधारी असते.

मी विषय काढला. पानठेलेवाल्याने चुना लावता लावता विचारलं, "बारा हजार? कायले जी? एवढ्यात तं बकरी येते. अन् बकरी पिल्लं देते." या मुद्द्याला ग्लूमहेवनच्या नियमपुस्तिकेत उत्तर नाही. पण गुरुजींना उत्सुकता वाटली. "वार कोणता ठरवता?" त्यांनी विचारलं, आणि तिथून आम्ही पंचांगात शिरलो.

जुलैत रोवणी सुरू होते. तेव्हा गावातला प्रत्येक माणूस कमरेत वाकलेला असतो आणि संध्याकाळी त्याला पुन्हा पटावर वाकायला सांगणं बरं दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात पोळा, गणपती, मग नवरात्र. पुढे कापणी, मळणी आणि खरेदी केंद्रापुढची रांग. दिवाळी झाली की गावोगाव मंडई आणि मंडईला लागून झाडीपट्टीची नाटकं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या धंद्याचं मुख्य ठाणं. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे कोंबड्याच्या साक्षीने पडतो. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे अनेकांना वाटलं की थोडी आपल्यालाही मिळाली, इतक्या रात्री आम्ही समोर बसून काढल्या आहेत. फेब्रुवारी-मार्चात महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा. त्या दिवसांत घरात पाहुणे इतके असतात, की पट मांडायला जमीन उरत नाही. मग मोहफुलं, लग्नसराई, मे महिन्यात तेंदूपत्ता. सगळं वजा जाता हाती उरले जूनमधले काही मंगळवार. जूनमध्ये पहिल्या वादळाला लाइट जाते आणि सचिवांचा मंगळवारी उपास असतो.

"म्हणजे 95 प्रसंग कधी होतील?" मी विचारलं. गुरुजींनी मनात भागाकार केला. "आपल्यातले दोघं तरी पुढच्या पिढीला चार्ज देऊन जातील," ते म्हणाले.

वार मिळाला असं धरलं, तरी स्वभाव उरतो. सहकारी खेळांची एक जुनी तक्रार जगभर आहे. चौघांत एक शहाणा निघतो आणि चौघांच्याही चाली तोच सांगतो. बाकीचे तिघे फक्त सोंगट्या सरकवतात. ग्लूमहेवनने यावर तोड काढली आहे. काय करणार ते ढोबळ सांगा, पण आपल्या पत्त्यावरचा नेमका आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही. अमेरिकेत हे चालत असेल. गुरुजींनी अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या पाट्यांत डोकावून पगार घेतला आहे. समोरच्याच्या हातात चुकीचा पत्ता दिसत असताना त्यांनी गप्प बसायचं, ही अपेक्षा कोणत्याही राक्षसाने त्यांच्याकडून केली नसती. मेंढीकोट खेळतानाही ते आपल्या भिडूला खोकून, कान खाजवून आणि शेवटी सरळ नाव घेऊन सांगतात, की दश्शी टाकू नकोस.

सचिवांचा आक्षेप वेगळा होता. हा खेळ सहकारी आहे हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न आला, "ऑडिट कोण करते?" मी त्यांना आतला व्यवहार समजावला. राक्षस सगळ्यांनी मिळून मारायचा, पण पडलेल्या सोन्याच्या मोहरा ज्याने उचलल्या त्याच्या. त्या दुसऱ्याला देता येत नाहीत. शिवाय प्रत्येकाला एक खाजगी उद्दिष्ट गुप्तपणे दिलेलं असतं. ते साधलं तर त्याचा वेगळा फायदा. म्हणजे राक्षसाच्या अंगावर धावून जायचं सोडून एखादा खेळाडू कोपऱ्यातली मोहर उचलायला गेला, तर तो नियमातच असतो. सचिवांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं. "मंग ठीक आहे," ते म्हणाले, "म्हणजे त्यायनं अभ्यास करून बनवला आहे." त्या दिवसापासून सचिव या खेळाचे आमच्या गावातले एकमेव खंदे समर्थक आहेत.

पण माझं घोडं अडलं ते फाडण्यापाशी. मोहिमेच्या अशा खेळांत पट कायमचा बदलत जातो. ग्लूमहेवनमध्ये नकाशावर स्टिकर चिकटवायचे असतात. 2015 साली आलेल्या पँडेमिक लेगसीत तर काही पत्ते सरळ फाडून टाकायला सांगतात. बारा महिन्यांची ती कथा, जास्तीत जास्त 24 डाव आणि मग खेळ संपला तो संपलाच. आमच्या घरात 1998 च्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. टीव्ही गेला, रिमोट कोरा आहे. लग्नपत्रिकेची कोरी बाजू आम्ही वाण्याच्या यादीसाठी ठेवतो. त्या घरात विकत घेतलेला पत्ता, स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या देखत फाडायचा? बायको म्हणाली, "फाडायचाच असेल तर आधी झेरॉक्स काढा." भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, त्यातच तर मजा आहे. निर्णय परत घेता येत नाही." परत न घेता येणारे निर्णय मी पुरेसे घेतले आहेत. त्यासाठी वेगळे बारा हजार मोजावेत असं वाटलं नाही.

आपल्याकडे पट विकत घ्यायची तरी कुठे पद्धत होती? पुण्याच्या पाताळेश्वरात, नाशिकच्या पांडवलेण्यांत खेळाचे पट थेट दगडात कोरलेले आढळले आहेत. ते चिकटवायचे नाहीत, फाडायचे नाहीत आणि कुरिअरने परत पाठवायचे नाहीत. सोंगट्यांना खडे, फाशांना चिंचोके. खेळणारे गेले, पट तिथेच आहे.

आणि मोहिमेचं म्हणाल, तर ज्याच्या नावाने आमचं गाव आहे त्या मार्कंडेयाएवढी अवघड मोहीम कोणाच्या डब्यात नाही. सोळा वर्षांचं आयुष्य नेमून दिलेलं, समोर प्रत्यक्ष यम आणि हातात शस्त्र नाही. पोरगं पिंडीला मिठी मारून बसलं. यमाचा फास पिंडीवरच पडला, महादेव प्रकट झाले आणि यमाला रिकाम्या हाताने परत जावं लागलं. नियमपुस्तिकेच्या नजरेने पाहिलं तर हा दोघांचाच संघ. पण दोघंही ऐन वेळी हजर होते. "आज जमत नाही, पुढच्या सोमवारी बघू," असं महादेवांनी कळवलं असतं, तर आमच्या गावाला दुसरं नाव शोधावं लागलं असतं. सहकारी मोहिमेत शौर्य, सोनं, जादू हे सगळं नंतरचं. आधी हजेरी.

म्हणून सध्या आम्ही हजेरीचीच परीक्षा घेतो आहोत. द क्रू नावाचा एक छोटा जर्मन खेळ 2019 साली आला. दोन ते पाच खेळाडू, 50 मोहिमा आणि सगळं मिळून पत्त्यांची एक छोटी डबी. हात करायचे, पण कोणतं पान कोणी जिंकायचं ते आधी ठरलेलं, आणि बोलायचं जवळजवळ नाहीच. मेंढीकोट येणाऱ्याला तो एका बैठकीत कळतो. गुरुजींना त्यात खोकायला बंदी आहे. ते तीव्र नापसंती दाखवत येतात, पण येतात. ग्लूमहेवनचीच चव बघायची असेल, तर त्याचं 2020 मधलं धाकटं भावंड आहे, जॉज ऑफ द लायन. चार पात्रं, 25 प्रसंग आणि पट म्हणून वहीचीच पानं, त्यामुळे मांडामांड थोडी. किंमतही मोठ्या डब्याच्या मानाने बरीच कमी. बकरीचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण निदान बकरीशी तुलना करायची वेळ येत नाही. भाचा म्हणतो, एकट्यानेही खेळता येतो. बायकोचं मत पडलं, "हे चांगलं. तसेही तुम्ही एकटेच बोलत असता."

तेव्हा ज्यांच्या मनात असा महागडा डबा घोळतो आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच. खेळाचे गुण वाचत बसू नका, ते चांगलेच असतात. घरात असलेला पत्त्यांचा कॅट काढा. आपल्या चौघांना ठरल्या वारी, ठरल्या वेळी, दोन महिने त्याच चटईवर बसवून दाखवा. आठही वेळा चौघं आले, तर खुशाल डबा मागवा, तो तुमच्यासाठीच बनलेला आहे. नाही आले, तर पाच क्विंटल धान वाचलं म्हणायचं आणि जे आले असतील त्यांना चहा पाजायचा.