खोकल्याचं औषध आणि नाक्यावरची फुंक

“ऐकलं का ताई?” म्हणत वहिनींनी सूप कंपाउंडच्या भिंतीवर टेकवलं, तेव्हाच मी ओळखलं, आज माझं वरण करपणार.

“आमच्या दादाला धरलं नं पोलिसांनी! धुळवडीच्या सांजेला. वसमतहून येऊलालता, औंढ्याच्या अलीकडं नाकाबंदी. तोंडाशी नळी धरली, म्हणे फुंक. यानं फुंकली, तर मशीन बोंबललं!”

“दादा? अहो, ते माळकरी ना?”

“तेच तर! पण चार दिवसांचा खोकला. नाका यायच्या जरा आधी औषधाची बाटलीच तोंडाला लावली.”

खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, हे सांगितल्यावर वहिनींचे डोळे मोठे झाले. घरात कोणकोणत्या लेकराला किती झाकणं पाजली, याची मनातल्या मनात उजळणी चालली असावी.

आमच्या ह्यांची उभी हयात एसटीच्या स्टेअरिंगवर गेली, त्यामुळे या विषयातलं फुकटचं ज्ञान मजकडे भरपूर. म्हटलं, “तुम्ही चुलीत फुंकणी मारता तेव्हा पहिल्या फुंकेला राख उडते, विस्तव मागून फुलतो. इथंही तसंच. आधी येते ती तोंडातली हवा. मशीनला हवी फुप्फुसाच्या तळातली, रक्ताला लागून आलेली. तोंडात औषध असलं की आकडा उगाच चढतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबवून पुन्हा फुंकायला लावायचं असतं.”

“दादानं तसंच केलं. गुळण्या केल्या, लिंबाखाली बसून राहिला. अर्ध्या तासानं शून्य! पण तेवढ्यात आमच्या गावचा एक जण मोटारसायकलवरून बघून गेला. पहिला आकडा दादाच्या सासुरवाडीला पोचला. शून्य अजून रस्त्यातच हाय.”

केरळात 2025 साली पंडलमच्या एसटी डेपोत तर पिकलेला फणस खाऊन ड्रायव्हर ‘प्यालेले’ निघाले होते. न प्यालेल्या दुसऱ्याला गरे चारून फुंकायला लावलं, तर त्याचाही आकडा चढला!

“बरं झालं माय, आपल्याकडं फणस नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण मग कायदा कामून मानतो या मशीनला?”

मानतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 185. शंभर मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. गंमत अशी की मशीन रक्त बघतच नाही. श्वास मोजतं आणि 2100 मिली श्वासात जेवढं, तेवढं 1 मिली रक्तात, असा हिशेब धरतं. आता हे प्रमाण माणसागणिक वेगळं.

“म्हणजे साऱ्या गल्लीला एकाच मापाचं झंपर!”

अगदी. मात्र हे झंपर बहुतेकांना सैलच बसतं, म्हणजे पिणाऱ्याचाच फायदा होतो. आकडा तिशीच्या काठावर असला तर भांडावं; दीडशे आला तर मशीनला शिव्या देण्यात अर्थ नाही. आणि अटक केली तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी करावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. रक्ताचा आग्रह धरावा. 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं, तोंडाला वास, पाय लटपटणं, बोलणं अडखळणं एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असं ठरत नाही. रक्त-लघवी तपासायला हवी होती.

“आन् रक्त तरी खरं बोलतं का?” वहिनींनी बरोबर नस धरली. “पुण्यात त्या पोर्शे गाडीवाल्या पोराचं रक्तच बदललं म्हणे.”

मे 2024 च्या अपघाताचं ते प्रकरण. नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. मी गप्पच बसले. मशीन चुकतं ते पंधरा मिनिटांपुरतं. माणसानं चुकवायचं ठरवलं तर कुठला लिंब शोधायचा?

वहिनींनी नाक वर करून हुंगलं. “ताई, तुमच्याकडून कायतरी वास येऊलालाय.”

“नुसत्या वासावरून काही ठरत नाही म्हटलं ना,” म्हणाले खरी, पण स्वयंपाकघराकडे पळाले.