डबा उजळायचाय?

निन्टेन्डोने 1983 साली जपानात फॅमिकॉम हा व्हिडिओ गेमचा डबा आणला. आपल्याकडे घरोघरी खेळल्या गेल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. कार्ट्रिजवर छापलेलं ‘9999999 इन 1’, आत तेच मोजके खेळ नाव बदलून. फुगवलेल्या आकड्यांची सवय आपल्याला लागली ती तिथूनच म्हणा.

आता रामटेकात माळ्यावरून असा डबा उतरलाच, तर अँटेनाची वायर काढून एव्ही सॉकेट बसवता येतं, बटणाखालचं रबर बदलता येतं. पण नकलेतली चिप बहुधा काळ्या इपॉक्सीच्या गोळ्याखाली दडलेली. ती गेली की कारागीर नुसता हात जोडतो.

पिवळं प्लॅस्टिक मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं. परदेशातले हौशी त्यासाठी अतिनील दिवे विकत घेतात! इथे मे महिन्यात ऊन फुकट आहे. फक्त गडमंदिराच्या माकडांपासून डबा सांभाळा.