ऐंशी टक्क्यांचे काका

नेरुळहून ठाणे किती लांब, असं कुणालाही विचारा. तो किलोमीटर सांगेल, किंवा ऐरोलीच्या ट्रॅफिकला शिव्या घालून मिनिटं सांगेल. आमच्या सोसायटीतले काका म्हणतात, "बारा टक्के." अटल सेतू? "अकरा टक्के, आणि इलेक्ट्रिकला टोल माफ!" पुणे? "जाताना साठ, येताना पन्नास. बोरघाट उतरताना गाडी खात नाही हो, कमावते."

काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी नेक्सॉन ईव्ही घेतली. २०२०चं पहिलं मॉडेल. ३०.२ युनिटांची बॅटरी, कागदोपत्री ३१२ किलोमीटर. एसी लावला आणि काकू शेजारी बसल्या की दोनशे. हा हिशेब काका काकूंसमोरच सांगतात, यावरून त्यांच्या धैर्याची कल्पना यावी.

सोसायटीत चार्जर नव्हता. म्हणून काका बाहेर पडले आणि वाशीपासून खारघरपर्यंतची एकूण एक चार्जिंगची जागा त्यांना पाठ झाली. कुठली गन सैल बसते, कुठे साठ किलोवॉटची पाटी लावून तीसच देतात, कुठल्या वॉचमनला चहा पाजला की चार्जरसमोर लावलेली पेट्रोलची गाडी हलते. मोबाइलमध्ये प्रत्येक कंपनीचं वेगळं अ‍ॅप, प्रत्येक अ‍ॅपचं वेगळं वॉलेट. एकात ४७ रुपये अडकलेले, दुसऱ्यात १८०. रात्री जेवण झालं की काका वहीत त्यांचा ताळा जमवतात. बँक सुटली, सवय सुटली नाही.

पण काकांना खरं बघावं ते मॉलच्या तळघरात. तिथे मोबाइलला रेंज नसते आणि अ‍ॅपला रेंजशिवाय चार्जिंग सुरू करता येत नाही. मग काकू गन धरून खाली उभ्या, काका मोबाइल उंच धरून रॅम्पवर. "लागली का?" "हिरवा दिवा आला!" "थांब, इथे फिरतंय अजून!" तेवढ्यात वरून एखादी फॉर्च्युनर हॉर्न वाजवत येते, काका भिंतीला चिकटतात आणि अ‍ॅप म्हणतं, वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा.

एकदा चार्जिंग सुरू झालं की काकांमधला शिक्षक जागा होतो. नवीन गाडीवाला दिसला की संपलंच. "सीसीएस टू ना तुमचं? मग ही गन. ती जाडी. आणि लक्षात ठेवा, ऐंशी टक्क्यांच्या पुढे बॅटरी हळू भरते. तेव्हा ऐंशी झाले की उठायचं. पंगतीत ताकभात झाला की पान सोडतो ना, तसं. मागे लोक खोळंबलेले असतात." हे सगळं ज्याला ऐकवलं जातं तो मागे खोळंबलेलाच असतो आणि काकांच्या गाडीच्या पडद्यावर ९४ दिसत असतात.

सोसायटीशी मात्र ते दोन वर्षं भांडले. सर्वसाधारण सभेत कुणी म्हणालं, आग लागेल. कुणी म्हणालं, लिफ्टचं बिल वाढेल. ज्यांच्याकडे गाडीच नाही ते सगळ्यात जास्त बोलले. काकांनी सरकारी परिपत्रकं वाचून दाखवली. सेक्रेटरी ऐकून ऐकून दमले आणि सही झाली. महावितरणचं वेगळं मीटर आलं, पार्किंगमध्ये काकांचा स्वतःचा चार्जर बसला, पेढे वाटले गेले. रात्री गाडी लावा, सकाळी भरलेली. युनिटही बाहेरपेक्षा स्वस्त.

आम्हाला वाटलं, काका आता सुटले. पण दर रविवारी ते मॉलवर दिसतातच. मी विचारलं, तर म्हणाले, "अहो, घरच्या चार्जरवर भेटतं कोण?"

चार्जिंगची सोय अपुरी असल्याने लोक इलेक्ट्रिक गाडी घ्यायला कचरतात, असं म्हणतात. ते खरंच आहे. पण आमच्या काकांना ती पुरेशी झालेली परवडायची नाही. तेव्हा रविवारी पाम बीचच्या बाजूला गाडी चार्ज करायची असेल, तर मॉल उघडताच जा. अकरानंतर गेलात, तर ऐंशी टक्क्यांचं तत्त्व समजावून घ्यायची तयारी ठेवा.