तार न्हाई

हिंगोली जिल्ह्यातील जुन्या डिझेल जीपगाड्यांच्या संदर्भात ‘मामा’ ही संज्ञा नात्याची नसून अधिकाराची आहे, आणि ती ज्या पुरुषास लागू होते त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. कोणाच्याही गाडीचे बॉनेट उघडले की चहाच्या टपरीवरून जो न बोलावता उठतो, तोच तो. औंढा नागनाथ ते वसमत या रस्त्यावर त्याचा प्रादुर्भाव विशेष जाणवतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा वाटणीत मामा कमी पडल्याची तक्रार कोणत्याही बाजूने झाली नाही.

मामाचे अभ्यासक्षेत्र ऑइल प्रेशर, म्हणजे इंजिनभर फिरणाऱ्या तेलाचा दाब, हे आहे. चावी फिरवताच लागणारा आणि इंजिन सुरू होताच विझणारा लाल दिवा गाडी तापल्यावर, स्टँडवर उभ्या उभ्या मिचमिचू लागला की मामा पुढे सरसावतो, तेल मोजण्याची पट्टी उपसतो, तिच्या टोकाचा काळा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरतो, दोन्ही बोटे सावकाश विलग करतो, डोळे बारीक करून मधल्या जागेत पाहतो आणि निकाल देतो, “तार न्हाई.”

ही कसोटी मूळची गॅरेजातली नव्हे, पाकातली. बुंदीच्या लाडवांचा पाक एकतारी झाला की दोनतारी, हे घरोघरी बोटांनीच पाहतात. मामाने ती इंजिनाला लावली हे धाडस मान्य करता येईल, परंतु पुढे त्याने ती टपरीवरच्या चहाला, मार्केट यार्डातल्या हळदीच्या भावाला, भाच्यासाठी आलेल्या स्थळाला आणि निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या भाषणांनाही लावली. भाषण ऐकताना बोटांत काहीच नसते, तरीही ती विलग होतात, आणि निकाल मात्र बदलत नाही.

शास्त्राच्या दृष्टीने मामाचा पाया कच्चा आहे. तेलाचा पंप दाब देतो हा समजच मुळात अपुरा, कारण पंप देतो तो प्रवाह, आणि त्या प्रवाहाला बेअरिंगमधील अरुंद फटींनी अडवले म्हणजे दाब उभा राहतो. ठिबकच्या नळीला मध्येच भोके पडली की शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही, तसेच फट झिजून रुंद झाली की तेल वाटेतच सांडते आणि दाब उतरतो. तापलेले तेल पातळ होत असल्यामुळे हे दुखणे सकाळी झाकले जाते आणि दुपारी उघडे पडते. दोष पंपात असू शकतो, चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पात्रातील, गाळाने बुजलेल्या जाळीत असू शकतो, किंवा जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेच्या थकलेल्या स्प्रिंगमध्ये असू शकतो. आणि पुष्कळदा इंजिन धडधाकट असून दिव्याला खबर देणारे लहानसे बटणच खोटे बोलत असते. म्हणून तेलाची पातळी पाहिल्यावर ते बटण काढून त्या जागी काट्याचे मीटर लावावे आणि गरम इंजिनावर वाचन घ्यावे, हा सरळ मार्ग आहे. मिनिटाला हजार फेऱ्यांमागे दर चौरस इंचाला सुमारे १० पौंड, हा दाबाचा ढोबळ हिशेब. मामाजवळ असे मीटर असते. ते खोक्यातून बाहेर निघत नाही, आणि त्याची जागा ‘घट्ट ऑइल टाका’ हा सल्ला घेतो, ज्यामुळे दिवा काही दिवस विझतो आणि झिजलेले बेअरिंग अंधारात झिजत राहते.

इतके लिहून झाल्यावर एक गोष्ट नाइलाजाने नोंदवावी लागते. एकदा एका जीपच्या पट्टीवर तेल घटण्याऐवजी वाढलेले दिसले तेव्हा पाहणारे सारे खूश झाले होते. मामाने मात्र थेंब नाकाशी नेला, “तार न्हाई, अन् वास हाय” एवढेच म्हटले आणि गाडीची चावी काढून स्वतःच्या बंडीच्या खिशात घातली. डिझेलच्या पंपाचा पडदा फाटून डिझेल तेलात उतरत होते, आणि आणखी थोडे अंतर गाडी पळती तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दंड, कामातून जाता. खोळंबलेल्या प्रवाशांनी मामाची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस केली, तरी ट्रॅक्टर येईपर्यंत त्याने चावी दिली नाही, आणि नंतर पैसेही घेतले नाहीत.

पुढे तीच जीप विकायला निघाली. मालकाला पैशाची नड होती आणि ते मामाला ठाऊक होते. परभणीच्या गिऱ्हाइकासमोर त्याने पट्टी उपसली, बोटे विलग केली, थेंब जागच्या जागी तुटलेला सर्वांनी पाहिला, आणि मामा म्हणाला, “तार हाय.” म्हणताच त्याने घाईने हात धोतराला पुसला. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या मागे बसलेला एक वयस्क गृहस्थ न बोलावता उठला, पट्टी हातात घेतली, अंगठा आणि तर्जनी सावकाश विलग केली, मामाकडे क्षणभर पाहिले आणि आपल्या माणसाला म्हणाला, “हाय. पर एकतारीच हाय. पाच हजार कमी करा म्हणा.”