आमच्या घरात आम्हीच सर्व्हर

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा. चंद्रपूरच्या तुकुमात हल्ली तिची नवी आवृत्ती निघाली आहे. परक्या कंपनीच्या क्लाउडवर फोटो ठेवायचे नाहीत, घरातच सर्व्हर बसवायचा. फोटो आपले, सातबारा आपला, डबाही आपला. कल्पना झकास आहे, माझा तिला पाठिंबा आहे. फक्त घोषणेमागची मेहनत कोणी डाउनलोड करत नाही.

मेंढा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कित्येक वर्षं गावानं अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीनं निर्णय घेतले, जंगल स्वतः राखलं. हक्काचा कागद हाती आल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे यायला एप्रिल 2011 उजाडला, आणि ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. आमचा सर्व्हरवाला शनिवारी डबा लावतो, रविवारी राउटरचं पोर्ट उघडतो आणि सोमवारी स्वराज्य जाहीर करतो. राखणीला कोण? कोणीच नाही. पासवर्ड 'अॅडमिन'.

दुरून लॉगिन करायचं पोर्ट 22 जगाला उघडं करून लॉगची फाइल बघत बसा. चहा निवायच्या आत पाहुणे येतात. रूट म्हणून कोणी दार वाजवतो, मग अॅडमिन, मग टेस्ट, मग ओरॅकल, मग पुन्हा रूट. ही माणसं नव्हेत, यंत्रं आहेत. त्यांना तुकूम ठाऊक नाही, तुमच्याशी वैरही नाही; ती जगातलं प्रत्येक दार ठोठावत हिंडतात. 'माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय' हा युक्तिवाद त्यांना ऐकू जात नाही, कारण त्यांना तुमचे फोटो नकोच असतात. त्यांना तुमचा डबा हवा असतो, दुसऱ्याच्या घरावर दगड मारायला. 2016 साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड घोकून जगभरचे कॅमेरे आणि राउटर असेच वेठीला धरले. त्या ऑक्टोबरात ट्विटर नि नेटफ्लिक्स काही तास आडवे झाले, ते अशाच बिनपगारी डब्यांच्या फौजेमुळे.

उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणूनच कोणी करत नाही. राउटरचा मूळ पासवर्ड बदला. पासवर्डनं लॉगिन बंद करून किल्लीची फाइल वापरा. अपडेट आलं की त्याच दिवशी टाका. आणि सर्व्हर फक्त घरच्यांसाठीच असेल, तर दार उघडायचंच कशाला? वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा खणा, बाकी सगळं बंद. एक बॅकअप दुसऱ्या गावी असू द्या, गोंडपिपरीच्या मामांकडे चालेल. मामांना त्यातलं काही कळत नाही, हा त्या जागेचा मोठाच गुण.

आता डब्याकडे येऊ. आमच्या ऊर्जानगरात 2920 मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र आहे. तरी वळवाचा एक फटका बसला की आमचीच लाईन जाते. अशा गावात घरच्या सर्व्हरला सगळ्यात लायक यंत्र म्हणजे जुना, जाडजूड लॅपटॉप. बॅटरी पोटातच असल्यानं लाईन गेली तरी तो जागा राहतो. (राउटर विझतो, तेव्हा त्यालाही एक छोटा यूपीएस लावा, नाहीतर जागा सर्व्हर अंधारात एकटाच बसतो.) 2018 च्या थिंकपॅड टी480 ला तर दोन बॅटऱ्या होत्या, बाहेरची खटकन काढून बदला, मशीन चालूच. पण तो जाड. जाड म्हणजे मागास, असं जाहिरातीनं ठरवून दिलंय.

म्हणून आमचा स्वराज्यवादी कागदासारखा पातळ लॅपटॉप आणतो. रॅम सोल्डर केलेली, बॅटरी डिंकानं चिकटवलेली, काहींत पंखाही नाही. मॅकबुक एअरला 2020 पासून पंखा नाही, आणि तो 10 ते 35 अंशांत चालवा असं अॅपलच लिहून देते. चंद्रपूरचा मे 46-47 अंशांपर्यंत चढतो. पंखा नसला की चिप तापते आणि आपला वेग आपणच कमी करते; दुपारी दोनला आम्हीही तेच करतो, त्यामुळे तिला दोष देववत नाही. मग गार राहावा म्हणून लॅपटॉप वाळ्याच्या कूलरसमोर मांडतात, म्हणजे ओली हवा थेट सर्किटवर. शिवाय चोवीस तास चार्जर लावून ठेवला की उन्हाळ्यात बॅटरी फुगते आणि टचपॅड पुरीसारखं वर येतं. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय पुष्कळ लॅपटॉपांत असते. ती शोधायची कोणी?

तसाच एक नवा पातळ घेऊन आलेल्या होतकरूला विचारलं, "तुझा जुना जाड होता ना? त्याचाच सर्व्हर कर."

"तो भंगारवाल्याला देल्लो भाऊ."

"डिस्क पुसली होती ना?"

"मंग! ओल्या फडक्यानं."