पेलंल का?

पुतण्या पुण्यात डिझाइन शिकून नांदेडला परतला आणि घरातलं सामान कमी होऊ लागलं. आधी शोकेस गेलं, मग दिवाण. फर्निचर शिल्पासारखं असावं, भोवती मोकळी जागा हवी, असं त्याचं मत. जागा आता भरपूर मोकळी आहे. बसायचं कुठं, एवढाच प्रश्न उरलाय.

अशात लातूरहून मामा-मामी आले. चटईवर बसवून पुतण्यानं त्यांना मोबाईलवर खुर्च्या दाखवल्या.

‘ही इटलीच्या आल्बेर्तो मेदाची ‘लाइट लाइट’, १९८७ ची. आत नोमेक्सची षट्‌कोनी जाळी, वर कार्बन फायबर. वजन किलोभर.’

ऐंशी किलोच्या मामांनी विचारलं, ‘पेलंल का?’

‘आजोबा, विमानात हेच वापरतात.’

‘विमानात पट्टा बी बांधतेत, लेका.’

पुढचा फोटो मार्क न्यूसनच्या ‘लॉकहीड लाउंज’चा. फायबरग्लासवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनी ठोकलेले. २०१५ साली लंडनच्या लिलावात ती २४ लाख पौंडांच्या वर गेली, म्हणजे वीस कोटी रुपयांहून जास्त. मामींनी चष्मा सावरला. ‘ह्यात ज्वारी किती पोती बसंल?’

मामा खरे अडकले ते मार्सेल वांडर्सच्या १९९६ च्या खुर्चीपाशी. कार्बन आणि अ‍ॅरॅमिडचा दोर हातानं गाठी मारून विणायचा, इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवायचा, चौकटीत टांगून वाळवायचा. जन्मभर बाजा विणलेल्या मामांनी फोटो मोठा करून एकेक गाठ तपासली.

‘वीण चांगली हाय. ढिली पडली तर?’

‘पडतच नाही. कायमची कडक.’

‘मग पायथ्याची दोरी ताणायच्या निमित्तानं पोरांना हाक कशी मारायची?’

पण ‘कमी वजनात जास्त ताकद’ हे पुतण्याचं वाक्य घरात फक्त मामांनीच गंभीरपणे ऐकलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्यांचा मातीचा भार माणसांवरच कोसळला. जड ते मजबूत, हा हिशेब मामांनी त्या दिवशी सोडला. त्यानंतर खुर्चीसाठीही त्यांच्या तीनच परीक्षा उरल्या: ऊन सरकलं की एका हातानं सावलीत नेता यावी, पाव्हणे गेले की एकावर एक रचता यावी, मोडली तर गल्लीत दुरुस्त व्हावी. कार्बन फायबर पहिल्या पेपरात पैकीच्या पैकी घेऊन तिसऱ्यात गचकतं. मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची दोन पेपर काढते. तिसऱ्यात तार ओवून ग्रेस मार्क मिळवते.

शेवटी तह झाला. पुतण्यानं लोखंडी पाइपाचा सांगाडा वाकवून आणायचा, मामांनी नायलॉनच्या दोरीनं विणायचा. पुतण्या हरखला. ‘आजोबा, असा एकच नग काढू. किंमत पाच लाख!’

‘लाव की,’ मामी म्हणाल्या, ‘पण ‘बसू नये’ अशी पाटी बी लाव. बसायच्या खुर्चीला एवढे पैसे कोण देतंय?’